पूर्ण किंमत देऊनही खेळ अपुराच?

नवा व्हिडिओ गेम पूर्ण किंमत मोजून घरी आणावा आणि त्यातील एखादे पात्र किंवा प्रकरण वेगळे पैसे भरल्याशिवाय खुले होणार नाही असे कळावे, हा अनुभव जगभरातील खेळाडूंच्या परिचयाचा झाला आहे. इंटरनेटवरून डाऊनलोड करावयाच्या अशा जादा सामग्रीला ‘डीएलसी’ म्हणतात. ग्राहकांचा रोष केवळ जादा पैशांवर नाही. आपण विकत घेतलेली वस्तू पूर्ण होती का, हा त्यामागील खरा प्रश्न आहे.

घोड्याचे चिलखत

खेळाला पुरवणी जोडण्याची पद्धत जुनीच आहे. १९९० च्या दशकात अशा पुरवण्या स्वतंत्र डिस्कवर मिळत आणि त्यांत बहुधा नवी कथा, नवे प्रदेश असत. गेम कन्सोल इंटरनेटला जोडले गेल्यावर अगदी लहान तुकडेही विकणे शक्य झाले. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा या अमेरिकी कंपनीने ‘ऑब्लिव्हियन’ या खेळातील घोड्याचे चिलखत अडीच डॉलरना विक्रीस आणले. त्यावर टीका आणि थट्टा दोन्ही झाली. क्षुल्लक गोष्टीसाठी पैसे आकारले गेले की त्या चिलखताची आठवण आजही काढली जाते.

डिस्कवर, पण कुलूपबंद

मार्च २०१२ मध्ये हा वाद तीव्र झाला. ‘मास इफेक्ट ३’ सुमारे ६० डॉलरना बाजारात आला, त्याच दिवशी जाविक या पात्राचा समावेश असलेली पुरवणी आणखी १० डॉलरना उपलब्ध झाली. या पात्राची काही सामग्री मूळ डिस्कवरच असल्याचे खेळाडूंनी शोधून काढले. त्याच महिन्यात कॅपकॉम या जपानी कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन’मध्ये १२ पात्रे डिस्कवर असूनही कुलूपबंद आढळली. ती खुली करण्यासाठी पुढे २० डॉलर आकारण्यात आले. म्हणजे पैसे भरल्यावर ग्राहकाला मिळणार होती ती जवळ असलेल्या वस्तूची केवळ किल्ली.

कंपन्यांची बाजू

‘मास इफेक्ट’च्या निर्मात्यांचे म्हणणे असे होते की, खेळ तयार झाल्यावर तपासणी आणि वितरणात काही महिने जातात, त्या काळात पुरवणीचे काम केले जाते. कॅपकॉमने तांत्रिक सोयीचे कारण दिले. पुरवणी विकत घेतलेला आणि न घेतलेला खेळाडू एकमेकांशी खेळू शकावेत, यासाठी पात्रांची सामग्री दोघांकडेही असणे आवश्यक होते. मात्र रोष पाहून आपल्या धोरणाचा फेरविचार करू, असे कंपनीने जाहीर केले.

खेळाडू पैसे देण्यास तयार नसतात, असेही नाही. २०१५ मधील ‘द विचर ३’ या पोलंडच्या खेळाला १६ छोट्या पुरवण्या मोफत मिळाल्या. त्यानंतर आलेल्या दोन मोठ्या पुरवण्या सशुल्क असूनही त्यांचे स्वागत झाले, कारण मूळ खेळ अपुरा असल्याची भावना कोणाच्या मनात नव्हती.

खरेदीपूर्वी पाहावे असे

डीएलसी सहसा खरेदीदाराच्या खात्याशी बांधलेली असते. त्यामुळे जुनी डिस्क दुसऱ्यास विकल्यास पुरवणी तिच्यासोबत जात नाही. अनेक खेळांची सर्व पुरवण्यांसह एकत्रित आवृत्ती काही काळाने कमी किमतीत येते. पहिल्याच दिवशी खरेदी करणाऱ्या उत्साही ग्राहकाला अधिक पैसे देऊन कमी वस्तू मिळते, ही त्याची तक्रार म्हणूनच अनाठायी म्हणता येत नाही.