‘डिस्पोझर’ : संज्ञा आणि निवड

‘डिस्पोझर’ म्हणजे विल्हेवाट लावणारा. परंतु सिंकखाली बसविलेले हे यंत्र विल्हेवाट लावीत नाही, केवळ दळते. अमेरिकेतील वास्तुविशारद जॉन हॅम्स यांनी ते १९२७ मध्ये सिद्ध केले. त्यात पाती नसतात. फिरत्या तबकडीवरील धातूचे ठोकळे खरकटे कडेच्या खरबरीत कड्यावर घासून बारीक करतात व तो लगदा पाण्याबरोबर गटारात जातो. गटारांवर भार पडेल या भीतीनेच न्यूयॉर्कच्या बहुतेक भागात या यंत्रावर १९९७ पर्यंत बंदी होती. तेव्हा निवड करताना मोटारीच्या अश्वशक्तीआधी सिंकपलीकडील व्यवस्था पाहावी. सांडपाणी घरच्या सेप्टिक टँकमध्ये जात असल्यास तेथे गाळ लवकर साचतो. अशा ठिकाणी खतखड्डाच श्रेयस्कर. घरात मुले असल्यास झाकण बसविल्यावरच चालणारा प्रकार घ्यावा.