सुवर्णभूमीचा प्रवास : काय पाहावें व कसें पाहावें

देशाटन हें शिक्षणाचेंच एक अंग होय, असें आपल्याकडील सुज्ञ लोक पूर्वींपासून सांगत आले आहेत. मात्र देशाटन आणि नुसती भटकंती यांत अंतर आहे. विमानांची सोय झाल्यापासून पुण्यांतील पुष्कळ कुटुंबें दिवाळीच्या, नाताळच्या किंवा मे महिन्याच्या सुटींत पूर्वेकडील चार-पांच देश एकाच फेरींत पाहून येतात. सहली काढणाऱ्या कंपन्याही अशा फेऱ्या आंखून देतात. आज बँकॉक, परवां सिंगापूर, तेरवां जावा, असा हा वेगाचा प्रवास असतो. त्यांत दुकानें, उपाहारगृहें व करमणुकीचीं उद्यानें एवढेंच पाहून परत आल्यास खर्च झाला, पण शिक्षण घडलें नाहीं, असें म्हणावें लागेल. म्हणून असा प्रवास योजणाऱ्या पालकांस व त्यांच्याबरोबर जाणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांस, वाटेवरील मुख्य मुक्कामांचें मर्म थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

हा प्रदेश महाराष्ट्राला अगदींच परका नाहीं. इंग्रजांनीं १८८५ सालीं ब्रह्मदेशचा राजा थिबा यास पदच्युत केलें व पुढील वर्षीं रत्नागिरीस आणून ठेविलें. तेथेंच १९१६ सालीं त्याचा अंत झाला. त्याचा वाडा व समाधि रत्नागिरींत आजही आहेत. उलट, लोकमान्य टिळकांस १९०८ सालीं शिक्षा होऊन ब्रह्मदेशांतील मंडाले येथें नेण्यांत आलें, व १९१४ च्या जूनमध्यें ते पुण्यास परत आले. 'गीतारहस्य' हा ग्रंथ त्यांनीं त्या तुरुंगांतच पेन्सिलीनें लिहून काढला. एक राजा तिकडून इकडे आला, एक लोकनायक इकडून तिकडे गेला. दोघांचाही प्रवास सक्तीचा होता. मंडाले पाहावें अशी इच्छा पुणेकरास होणें स्वाभाविक आहे. परंतु २०२१ च्या फेब्रुवारींत सैन्यानें सत्ता हातीं घेतल्यापासून त्या देशांत यादवी माजली, आणि २०२५ च्या मार्चमधील भूकंपानें मंडालेची मोठी हानि झाली. म्हणून आमच्या वाटेंतून तें नगर वगळलें आहे. आमची वाट सयाम, कंबोडिया, मलाका, सिंगापूर आणि जावा अशी उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते.

प्रथम ऋतूचा विचार करावा. सयाम व कंबोडिया येथें पावसाळा साधारण आपल्याप्रमाणेंच मे ते ऑक्टोबर असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुखद, आणि एप्रिलांत उन्हाळा असह्य. जावा बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें तेथें क्रम उलटा आहे : नाताळांत पाऊस, मे ते सप्टेंबर कोरडें. म्हणजे एकाच फेरींत सर्वत्र उत्तम हवा मिळणें कठीण. ज्यांस नाताळची सुटी आहे त्यांनीं उत्तरेकडील देशांवर भर द्यावा, व ज्यांस मे महिना मोकळा आहे त्यांनीं जावेवर. दहा-बारा दिवसांत पांच देश धांवत पाहण्यापेक्षां तीनच देश स्वस्थपणें पाहिलेले बरे, असें आमचें मत आहे.

सयाम, म्हणजे आजचें थायलंड, हा पहिला मुक्काम. बँकॉकच्या विमानतळाचें नांवच 'सुवर्णभूमि' आहे. पूर्वेकडील या देशांस आपल्या जुन्या ग्रंथांत हेंच नांव आढळतें. विमानतळावरच देव-दानव वासुकी सर्पास ओढून समुद्रमंथन करीत आहेत, असें भव्य शिल्प दिसतें. बँकॉक राजधानी झाली १७८२ सालीं. त्यापूर्वीं चारशें वर्षांहून अधिक काळ राजधानी होती ती 'अयुथ्या'. हें नांव अयोध्येवरून पडलें. ब्रह्मी सैन्यानें १७६७ सालीं तें नगर जाळलें. त्याचे भग्नावशेष बँकॉकहून एका दिवसांत पाहून येतां येतें. बँकॉकच्या राजवाड्याच्या आवारांतील मंदिराभोंवतीं जी लांब ओवरी आहे, तिच्या भिंतींवर १७८ चित्रांत रामकथा रंगविलेली आहे. तिला तेथें 'रामकियन' म्हणतात.

हीं चित्रें पाहतांना मराठी मुलांस एका ठिकाणीं नवल वाटेल. आमच्याकडे मारुति म्हणजे ब्रह्मचर्याचा व बलोपासनेचा आदर्श. गांवोगांवच्या तालमींत त्याची मूर्ति असते. सयामी कथेंतला हनुमान मात्र रसिक व विनोदी आहे. सेतु बांधतांना अडथळा आणणाऱ्या मत्स्यकन्येशीं तो विवाह करतो, व त्यास पुत्रही होतो. हें पाहून कोणी "यांनीं कथा बिघडविली" असें म्हणेल. तें बरोबर नव्हे. सयामच्या लोकांनीं ती कथा परकी म्हणून भिंतीवर टांगली नाहीं. ती घरांत घेतली, आणि घरांतल्या माणसास आपण जसे आपल्या रीतीनें वाढवितों तसें तिला वाढविलें.

दुसरा मुक्काम कंबोडियांतील आंगकोर. 'आंगकोर' हा शब्द आपल्या 'नगर' या शब्दाचेंच रूपांतर आहे. तेथील आंगकोर वाट हें मंदिर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत राजा दुसरा सूर्यवर्मा यानें विष्णूसाठीं बांधिलें. पुढें तें बौद्धांचें पूजास्थान झालें, व आजही आहे. त्याभोंवतींचा खंदक सुमारें १९० मीटर रुंद आहे. आंतील ओवऱ्यांच्या भिंतींवर कुरुक्षेत्राचें युद्ध, लंकेचें युद्ध व समुद्रमंथन कोरलेलें आहे. बँकॉकच्या विमानतळावर जें दृश्य नवें पाहिलें, तेंच येथें सुमारें पन्नास मीटर लांबीच्या जुन्या शिळांवर दिसतें. आणि देवांच्या रांगेच्या टोकास शेपटीकडे एक वानरही सर्पास ओढीत आहे. आपल्या मंथनकथेंत हा वानर नाहीं. तो तेथील शिल्पकाराची भर आहे. पुढील राजा सातवा जयवर्मा याच्या एका शिलालेखांत त्याच्या राज्यांतील १०२ रुग्णालयांचा उल्लेख आहे. राजाचें मोठेपण केवळ मंदिराच्या उंचीनें मोजूं नये, हें यावरून विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

ज्या देशानें हें मंदिर आपल्या राष्ट्रध्वजावर घेतलें, त्या देशानें विसाव्या शतकांत भयंकर दुःख भोगिलें. एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या काळांत ख्मेर रूज पक्षाच्या राजवटींत सुमारें १५ ते २० लाख माणसें उपासमारीनें, रोगानें व हत्येनें मेलीं. त्या वेळीं देशाची लोकसंख्या सुमारें ८० लाख होती. शाळा बंद करण्यांत आल्या. शिक्षक व सुशिक्षित माणसें शत्रु ठरलीं. नोम पेन्ह या राजधानींतील एका हायस्कुलाच्या इमारतींत तुरुंग थाटण्यांत आला, वर्गांत विटांच्या भिंती घालून कोठड्या केल्या गेल्या, आणि हजारों कैद्यांपैकीं फारच थोडे जिवंत सुटले. तुओल स्लेंग नांवाचें तें स्थान आज स्मारक आहे. लहान मुलांस तेथें नेऊं नये. परंतु मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांस पालकांनीं बरोबर राहून अवश्य दाखवावें. जेथें फळा व बांकें होतीं तेथें बेड्या दिसल्यावर, शाळेंत रोज निर्धास्तपणें जावयास मिळणें ही केवढी देणगी आहे, हें सांगावें लागत नाहीं.

तेथून दक्षिणेस मलाका. हें मलेशियांतील लहानसें बंदर आहे. पण गोव्याशीं व आमच्यासारख्या मिशनरी शाळांशीं त्याचा निकटचा संबंध आहे. शिडांच्या जहाजांच्या काळांत नैर्ऋत्येचा वारा हिंदुस्थानांतील जहाजें येथें आणी, व ईशान्येचा वारा चीनचीं जहाजें आणी आणि आमचीं परत पाठवी. वारा फिरेपर्यंत व्यापाऱ्यांस येथें महिनेच्या महिने थांबावें लागे. त्या थांबण्यांतूनच विवाह झाले, भाषा मिसळल्या, मंदिरें व मशिदी शेजारीं शेजारीं उभ्या राहिल्या. आल्बुकेर्क यानें १५१० सालीं गोवा घेतलें व १५११ सालीं मलाका. पुढें १६४१ त डच व १८२४ त इंग्रज तेथें आले.

संत फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्यास पोंचले व १५४५ त मलाक्यास गेले. तेथून ते मसाल्याच्या बेटांत व पुढें जपानांत गेले, आणि ३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर त्यांनीं देह ठेविला. त्यांचें शव पुढें मलाक्याच्या टेंकडीवरील देवालयांत पुरण्यांत आलें, आणि १५५४ सालीं गोव्यास पोंचलें. जुन्या गोव्याच्या बॉम जेझस देवालयांत आमच्यापैकीं अनेकांनीं त्याचें दर्शन घेतलें असेल. मलाक्यास त्या देवालयाच्या छप्पर नसलेल्या भिंती व ती रिकामी कबर आजही दिसते. ज्यांनीं गोव्यांतील शवपेटी पाहिली, त्यांनीं मलाक्यांतील ती रिकामी जागाही पाहावी, म्हणजे तो प्रवास पुरता समजेल.

सिंगापुराविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. तेथील स्वच्छता, शिस्त व उंच इमारती कोणासही दिसतात. न दिसणारी एक गोष्ट तेवढी सांगतों. सेंट अँड्र्यूज हें तेथील शुभ्र कॅथीड्रल १८६२ सालीं अर्पण झालें. तें बांधणारे हात हिंदुस्थानांतून काळ्या पाण्याच्या शिक्षेवर आणलेल्या बंदिवानांचे होते. भिंतींच्या गिलाव्यांत चुन्याबरोबर अंड्यांतील पांढरें व साखर मिसळली होती असें सांगतात. मौजेच्या खरेदीस जातांना त्या अनाम श्रमिकांची आठवण करून क्षणभर तेथें थांबणें उचित होय.

शेवटचा मुक्काम जावा. येथें बोरोबुदुर हा प्रचंड बौद्ध स्तूप व प्रांबानन हीं शिवाचीं मंदिरें एकमेकांपासून फार दूर नाहींत. आठव्या-नवव्या शतकांत बांधलेल्या बोरोबुदुरावर बुद्धाच्या ५०४ मूर्ति व सुमारें २,६७० कोरीव शिळा आहेत. पाषाणांची झीज होऊं नये म्हणून वर जाणाऱ्यांस तेथून दिलेल्या मऊ वहाणाच घालाव्या लागतात. त्यांस तेथें 'उपानत' म्हणतात. संस्कृतांतला 'उपानह्' तोच हा शब्द, आणि आपली 'वहाण'ही त्याच कुळांतली.

जावेंत बहुसंख्य लोक मुसलमान आहेत. तरी प्रांबाननच्या पटांगणांत रामायणाचें नृत्यनाट्य १९६१ पासून होत आलें आहे, व त्यांतील नर्तक बहुतांशीं मुसलमानच असतात. तेथील मुसलमान रोज्यास 'पुआसा' म्हणतात, म्हणजे आपला 'उपवास'. ख्रिस्ती व मुसलमान दोघेही पापास 'दोसा' व स्वर्गास 'सुर्गा' म्हणतात. शब्दांनीं अर्थही बदलले : तेथें 'देसा' म्हणजे खेडें, आणि 'नगारा' म्हणजे अख्खा देश! रात्रीं चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ चालतो, त्यांत पांडवांबरोबर सेमार नांवाचा एक वृद्ध, बेढब, पण शहाणा सेवक असतो. व्यासांच्या भारतांत तो नाहीं. पण प्रेक्षकांस तोच सर्वांत प्रिय. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी येथें ठाकर लोक चामड्याच्या बाहुल्यांचा असाच खेळ करीत आले आहेत. जावेस जाण्यापूर्वीं एकदां पिंगुळीस जाऊन यावें, म्हणजे डोळे तयार होतील.

वर्तनाविषयीं थोडें सांगावयाचें आहे. मंदिरांत खांदे व गुडघे झांकतील असे कपडे असावेत. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसूं नये. कोणाच्या डोक्यास हात लावूं नये. पारपत्राची मुदत प्रवासाच्या दिवसापासून सहा महिन्यांहून अधिक उरलेली असावी. प्रवेशपरवान्याचे नियम वारंवार बदलतात. ते त्या त्या वकिलातीकडून आधीं समजून घ्यावेत. शाकाहारी मंडळींनीं हें लक्षांत ठेवावें कीं, तिकडे भाजींतही माशांचा रस घालतात. तेव्हां विचारल्याशिवाय खाऊं नये.

या प्रवासांत दोन चुका संभवतात. एक, कांहींच न ओळखणें. दुसरी अधिक सूक्ष्म आहे : सर्व कांहीं पाहून "हें सारें आमचेंच" असें म्हणणें. ही विद्या तिकडे बहुतेक व्यापारी, ब्राह्मण व भिक्षु यांच्याबरोबर गेली. पण तिच्यांतलें काय घ्यावें व काय बदलावें, हें तेथील राजांनीं व कारागिरांनीं ठरविलें. आणि त्यांनीं जें जपलें तें पुढें आपल्याच उपयोगी पडलें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम आरंभिलें. तें १९६६ त पुरें झालें. आदिपर्वाचें संपादन करतांना डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं दहाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचें जुन्या जावी भाषेंतलें महाभारतही साक्षीस घेतलें. कारण त्यांत मूळ संस्कृत वाक्यें जतन झालीं होतीं, व तें आपल्याकडील बहुतेक हस्तलिखितांहून कित्येक शतकें जुनें होतें. म्हणजे आपला ग्रंथ शुद्ध करण्यास पुण्याच्या पंडितांना जावेच्या लोकांचें साह्य घ्यावें लागलें.

म्हणून जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें एक वही बरोबर न्यावी. एका पानावर ओळखीचें काय दिसलें तें लिहावें, व समोरच्या पानावर त्या लोकांनीं त्यांत काय नवें घातलें तें लिहावें. दुसरें पान पहिल्याहून अधिक भरलें, तर प्रवास सफल झाला असें खुशाल समजावें.