१०४ मायक्रोसेकंदांचा हिशेब

इंटेलची ८०५१ ही मायक्रोकंट्रोलर चिप १९८० मध्ये बाजारात आली. चाळीस वर्षं उलटून गेली, तरी इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांची तिच्यापासून सुटका नाही. तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो: बोर्डावर ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल का, सरळ १२ चा का नाही? ‘बॉड रेट बरोबर येतो, सर,’ हे उत्तर पाठ असतं. छत्रपती संभाजीनगरचा विद्यार्थी पदवीनंतर वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात शिरला, की या पाठ केलेल्या उत्तराचा खरा अर्थ त्याला कळू लागतो.

असिंक्रोनस सिरियल पद्धतीत दोन यंत्रांमध्ये घड्याळाचा ठेका पोचवणारी वेगळी तार नसते. तार निवांत असताना व्होल्टेज वर असतं. ते खाली आलं की तो स्टार्ट बिट. मग आठ बिट, सर्वांत कमी किमतीचा आधी, आणि शेवटी पुन्हा वर जाणारा स्टॉप बिट. वेग ९६०० बॉड ठरला असेल, तर प्रत्येक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंद टिकतो. दोघांनी आपापल्या घड्याळावर तेवढा वेळ मोजायचा, बस्स. ही स्टार्ट-स्टॉपची युक्ती टेलिप्रिंटरच्या काळातली. १९६० च्या दशकात डीईसी कंपनीत गॉर्डन बेल यांनी पीडीपी-१ संगणकासाठी तिचं सर्किट बनवलं, आणि पुढे ते एका चिपमध्ये मावलं. त्यालाच युआर्ट म्हणतात.

८०५१ मध्ये युआर्ट एकच असतो. तो मोबाईल नेटवर्कशी बोलणाऱ्या जीएसएम मॉड्यूलला जोडला, की संगणकासाठी काही उरत नाही. मग एखादी साधी पिन प्रोग्रॅममधूनच वर-खाली करायची. या कामाला बिट-बँगिंग म्हणतात.

इथे मजा अशी की, बदनाम १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल अचानक सोयीचा ठरतो. त्यावर ८०५१ चं एक मशीन सायकल बरोबर एक मायक्रोसेकंदाचं होतं. बिट पाठवणारं छोटं लूप लिहिलं तर बिट सरकवायला एक सायकल, पिनवर टाकायला दोन, विलंबाचा आकडा भरायला एक, ४९ वेळा फिरणाऱ्या विलंबाला ९८ आणि पुढच्या बिटकडे वळायला दोन. बेरीज १०४. चूक फक्त ०.१६ टक्के! याच क्रिस्टलवर चिपमधल्या युआर्टकडून ९६०० मागितले, तर नेहमीच्या मांडणीत वेग १०,४१७ मिळतो, म्हणजे साडेआठ टक्के जास्त. इतक्या फरकाने बिट पुढे सरकत जातात आणि आठव्या बिटच्या जागी समोरचा स्टॉप बिटच वाचून बसतो. पडद्यावर मुलांच्या भाषेत ‘गार्बेज’ येतं. बाईटच्या शेवटापर्यंत घसरण अर्ध्या बिटच्या आत ठेवायची असेल, तर दोन्ही घड्याळांतला फरक पाच टक्क्यांच्या खालीच हवा.

पाठवणं त्या मानाने सोपं, घेणं अवघड. व्होल्टेज खाली आलेलं दिसलं की अर्धा बिट थांबायचं, ते अजून खालीच आहे ना हे बघायचं (नाहीतर तो नुसता विजेचा खरखराट), आणि मग दर १०४ मायक्रोसेकंदांनी बिटच्या मध्यावर वाचायचं. त्याच वेळी दुसऱ्या कामाचा इंटरप्ट आला आणि त्याने बिटच्या अर्ध्याहून जास्त वेळ खाल्ला, तर हिशेब कोसळतो. म्हणून अनुभवी मंडळी विलंबाचं लूप सोडून टायमर लावतात. तो प्रत्येक बिटमध्ये तीन-चारदा पिन तपासतो, आणि मधल्या वेळात चिप इतर कामं उरकते.

असा कोड स्वतः लिहिण्याची गरज कारखान्यात जास्त भासते. वाळूजमध्ये एंड्रेस प्लस हाउझर ही कंपनी प्रवाह आणि दाब मोजणारी उपकरणं बनवते. अशा उपकरणांत सर्रास वापरली जाणारी हार्ट पद्धत ४ ते २० मिलिअँपिअरच्या जुन्याच तारेवरून १२०० बिट प्रतिसेकंद वेगाने बोलते. तिच्या प्रत्येक बाईटमागे चूक पकडण्यासाठी विषम पॅरिटीचा एक जादा बिट असतो. वीजमीटर सहसा १९७९ च्या मॉडबस पद्धतीने बोलतात, तिथे सम पॅरिटी नेहमीची. अर्डुइनोची तयार सॉफ्टवेअर-सिरियल लायब्ररी मात्र पॅरिटी ओळखतच नाही. ज्याला आतला हिशेब ठाऊक, तो नवव्या बिटची चार ओळींची भर घालून मोकळा होतो. ज्याला नाही, तो नवी लायब्ररी शोधत बसतो.

असे मीटर जोडणाऱ्या आरएस-४८५ च्या तारेवर स्वतः लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. तिथे एका वेळी एकानेच बोलायचं असतं, आणि शेवटचा स्टॉप बिट गेल्याबरोबर तार सोडावी लागते. उशीर झाला, तर मीटरच्या उत्तराचा पहिला बाईट गेला. हाताने लिहिलेल्या कोडमध्ये तो क्षण नेमका हाती असतो.

नव्या चिपांनी कष्ट बरेच कमी केले आहेत. ईएसपी-३२ मध्ये तीन युआर्ट मिळतात. २०२१ च्या रास्पबेरी पाय पिकोवर तर आठ छोटी स्टेट मशीन आहेत; त्यांना काही मोजक्या आज्ञा दिल्या, की मुख्य प्रोसेसरला न अडवता साध्या पिना युआर्टसारख्या चालतात. त्या आज्ञाही लिहिणाऱ्यालाच एकेक सायकल मोजून बसवाव्या लागतात.