तळेगावचा कारखाना नवा, नोकऱ्यांचा प्रश्न जुनाच

पुणे - मावळ तालुक्यातील तळेगाव येथे ह्युंदाई मोटर इंडियाच्या कारखान्यात ऑक्टोबर २०२५ पासून मोटारींचे उत्पादन सुरू झाले. तमिळनाडूबाहेरचा कंपनीचा हा पहिलाच कारखाना. प्रारंभी वर्षाला १ लाख ७० हजार आणि २०२८ पर्यंत अडीच लाख मोटारींची क्षमता गाठण्याचे उद्दिष्ट आहे. साहजिकच परिसरात रोजगाराची चर्चा आहे.

मात्र ही वास्तू नवी नाही. जनरल मोटर्सने सप्टेंबर २००८ मध्ये येथे उत्पादन सुरू केले, तेव्हाही अशीच चर्चा होती. या कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली, काही काळ निर्यातीवर कारखाना चालवला आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद केले. हजाराहून अधिक कामगारांचा प्रश्न त्यानंतर न्यायालयांत आणि रस्त्यावरच्या आंदोलनांत रेंगाळला. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी झालेला विक्रीचा करार २०२२ मध्ये बारगळला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला, तो जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री यांच्या खरेदीचा. मालमत्तेची खरेदी आणि चालू उद्योगाचे हस्तांतरण यांतला फरक कागदावर बारीक दिसतो. जुन्या कामगारांच्या दृष्टीने तोच कळीचा आहे. उद्योग हस्तांतरित झाला, तर कामगारांच्या सेवेचा प्रश्न नव्या मालकापर्यंत पोहोचतो. केवळ मालमत्ता विकली गेली, की देणी जुन्याच कंपनीकडे मागावी लागतात.

'स्थानिकांना प्राधान्य' या शब्दांचा अर्थही तपासून घ्यायला हवा. राज्य सरकारच्या २००८ च्या शासन निर्णयानुसार पर्यवेक्षकीय श्रेणीत किमान ५० टक्के, तर इतर श्रेणींत ८० टक्के स्थानिकांना रोजगार देणे अपेक्षित आहे. परंतु येथे स्थानिक म्हणजे पंधरा वर्षे महाराष्ट्रात वास्तव्य असलेली व्यक्ती. त्यामुळे लातूरचा तरुणही स्थानिक ठरतो आणि ज्याच्या वडिलांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, तो मावळातला तरुणही. 

शिवाय मोटार कारखान्यांत कायम कामगारांच्या बरोबरीने शिकाऊ उमेदवार आणि कंत्राटी कामगारही असतात. वेतन आणि नोकरीची शाश्वती या दोन्ही बाबतींत त्यांच्यात मोठे अंतर असते. घोषणेतल्या आकड्यात ही वर्गवारी क्वचितच दिसते. आसने, काचा, वायरिंग पुरवणारे चाकण आणि भोसरीचे सुटे भागांचे उद्योग यांतील भरती तर वेगळीच. मुख्य कारखान्याने पाळी वाढवली की ती वाढते आणि पाळी कमी केली की सर्वांत आधी तिथेच माणसे घटतात.