‘मास्टर फाल्कनर’चा कोर्स नसतो!

कुणाचा तरी अमेरिकेत शिकणारा भाचा मोबाइलवर व्हिडिओ पाठवतो. जाडजूड हातमोज्यावर सोनेरी गरुड बसलेला आणि खाली दोन शब्द: ‘मास्टर फाल्कनर’. मग घरातल्या मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. कोर्स किती महिन्यांचा? परीक्षा कुठं देतात? फी किती? हे इतक्यांदा ऐकलंय, की आता उत्तर एकदाच लिहून टाकतो.

गैरसमज : कोर्स करा, मोठी परीक्षा द्या, मास्टर व्हा.

वस्तुस्थिती : अमेरिकेत शिकारी पक्षी पाळून त्यांच्याकरवी शिकार करण्याच्या, म्हणजेच फाल्कनरीच्या, परवान्याला तीन पायऱ्या आहेत. अप्रेंटिस, जनरल आणि मास्टर. केंद्रीय नियमांत लेखी परीक्षा आहे ती पहिल्याच पायरीवर. तिथं किमान ८० टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात, पिंजऱ्याची आणि साधनांची तपासणी होते, आणि एखाद्या अनुभवी जनरल किंवा मास्टर फाल्कनरनं तुम्हाला हाताखाली घ्यावं लागतं. वयाची अट किमान १२ वर्षं. पक्षी एकच ठेवता येतो.

जनरल होण्यासाठी वय १६ हवं आणि अप्रेंटिस म्हणून किमान २ वर्षं काढलेली हवीत. ही वर्षं नुसती कॅलेंडरवरची नव्हेत. दरवर्षी किमान ४ महिने पक्षी सांभाळणं, शिकवणं, उडवणं आणि त्याच्याबरोबर शिकारीला जाणं झालेलं असावं लागतं, आणि तसं दुसऱ्या फाल्कनरनं लिहून द्यावं लागतं. कोर्सवाल्यांनी पुढचं वाक्य दोनदा वाचावं. कोणत्याही फाल्कनरी शाळेचं शिक्षण दाखवून ही २ वर्षं कमी करता येत नाहीत, असं नियमातच लिहिलंय. ‘कोड ऑफ फेडरल रेग्युलेशन्स’, टायटल ५०, कलम २१.८२. शंका असेल त्यानं काढून बघावं.

आणि मास्टर? जनरल म्हणून स्वतःच्या पक्ष्यांबरोबर किमान ५ वर्षं. संपली केंद्राची अट. म्हणजे कितीही हुशार पोरगं असलं, तरी या वाटेनं २१ वर्षांच्या आत मास्टर होत नाही.

मग ही वर्षं शिकवतात तरी काय? एक उदाहरण घ्या. अमेरिकन केस्ट्रेल हा आपल्या खरुचीचा तिकडचा भाऊबंद, वजनाला जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम. त्याला रोज तराजूवर उभं करायचं आणि आकडा वहीत लिहायचा. चार-पाच ग्रॅम जास्त भरला, म्हणजे भूक नसली, तर साहेब झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसतात आणि कितीही शिट्ट्या मारा, ढुंकून बघत नाहीत. तेवढाच कमी भरला, तर जीवावर बेततं. त्यात थंडी वाढली की कालचा आकडा आज चालत नाही. हा हिशोब प्रत्येक पक्ष्याचा वेगळा, आणि तो त्याच पक्ष्याकडून शिकावा लागतो.

गैरसमज : मास्टर झालं की गरुड पाळायला मोकळे.
नाही. गरुडासाठी मोठे शिकारी पक्षी हाताळल्याचा अनुभव दाखवावा लागतो आणि जाणकारांची किमान दोन शिफारसपत्रं जोडावी लागतात. तेव्हा कुठं जास्तीत जास्त तीन गरुड. अमेरिकेचं राष्ट्रचिन्ह असलेला बॉल्ड ईगल तर मास्टरलाही मिळत नाही.

गैरसमज : मास्टरला हवे तेवढे रानटी पक्षी पकडता येतात.
रानातून आणलेले जास्तीत जास्त पाच. बंदिवासात जन्मलेल्यांना संख्येची मर्यादा नाही, पण त्यांनाही शिकारीचं शिक्षण देऊन उडवावंच लागतं. शोभेला ठेवता येत नाहीत.

गैरसमज : पक्ष्यांच्या विक्रीतून कमाई होते.
रानातून पकडलेला पक्षी विकणं, विकत घेणं, अदलाबदलीत देणं, सगळं बेकायदा.

गैरसमज : परवाना केंद्र सरकार देतं आणि देशभर नियम एकच.
२०१४ पासून परवाने राज्यंच देतात. केंद्राचे नियम हा किमान पाया. राज्य त्याहून कडक नियम करू शकतं. हवाईत तर फाल्कनरीला परवानगीच नाही.

गैरसमज : मग आपल्याकडे शिक्रा पकडून सुरुवात करू.
मुळीच नको. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानातला पक्षी पकडणं हीसुद्धा शिकारच, आणि तो गुन्हा आहे. अमेरिकेसारखा छंदाचा परवाना इथं नाही. शिक्रा गच्चीवरून बघावा, दुर्बिणीतून बघावा.

आता फीबद्दल. अर्जाची फी राज्यागणिक बदलते, ती भरायला पाच मिनिटं लागतात. सात वर्षांच्या वजनांच्या वह्या मात्र ज्याच्या त्यालाच भरायच्या असतात.