दोर कोणाच्या हाती?

लेखांक सहावा

इंग्लंडातल्या अनेक खेड्यांत आठवड्यातली एक संध्याकाळ घंटांच्या सरावासाठी राखून ठेवलेली असते. चर्चच्या मनोऱ्यातला चिंचोळा, गोल दगडी जिना चढून गेलं की एक लहानशी खोली लागते. तिच्या छतातल्या भोकांतून सहा-आठ दोर खाली सोडलेले असतात. प्रत्येक दोरावर हात पोचेल अशा उंचीवर लोकरीची जाड, रंगीत पट्ट्यांची मूठ असते. तिला ‘सॅली’ म्हणतात. माणसं गोल करून उभी राहतात. पहिला दोर धरणारा ‘लुक टू!’ असं पुकारतो, सगळ्यांचे हात सॅलीवर घट्ट होतात, आणि वरच्या मजल्यावर शेकडो किलोंचा काशाचा ऐवज हलू लागतो.

ही घंटा आपल्या देवळातल्यासारखी लोंबत नसते. ती तोंड वर करून तोललेली असते. दोर ओढला की पूर्ण फेरी घेते आणि पुन्हा तोंड वर करून क्षणभर थांबते. त्यामुळे टोला मनाला येईल तेव्हा पाडता येत नाही. किंचित आधी किंवा किंचित उशिरा, एवढीच काय ती मुभा. यातूनच इंग्रजांची एक खास विद्या जन्माला आली. तिच्यात गाणं वाजवत नाहीत, क्रम वाजवतात. दर फेरीला घंटा शेजारणीशी जागा बदलतात आणि एकदा वाजलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नसतो. सात घंटांचे असे ५०४० क्रम होतात. ते सगळे वाजवायला सुमारे तीन तास लागतात, आणि तेही समोर कागद न ठेवता. या विद्येवरचं पहिलं छापील पुस्तक १६६८ सालचं आहे.

आता खरी गोष्ट. रविवारी सकाळी या माणसांनी घंटा वाजवल्या, उपासनेची वेळ झाली, की त्यांच्यातले बरेच जण जिना उतरून घरी जातात. खाली बाकांवर वीस-पंचवीस पिकलेली डोकी असतात. घंटेवर मनापासून प्रेम करणारा माणूस ती घंटा ज्या उपासनेला बोलावते तिला थांबत नाही. चर्च ऑफ इंग्लंडची आजची अवस्था समजून घ्यायची तर या जिन्यावरच उभं राहावं लागतं.

आकडे स्पष्ट आहेत. २००१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या ७१.७ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणवलं होतं. २०११ मध्ये ते प्रमाण ५९.३ वर आलं आणि २०२१ मध्ये ४६.२ वर. चर्च ऑफ इंग्लंडच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणे २०१९ साली आठवड्याला सरासरी सुमारे साडेआठ लाख लोक उपासनेला येत. करोनाच्या काळात तो आकडा कोसळला. गेल्या काही वर्षांत तो थोडाथोडा वर चढतो आहे, तरी २०२४ साली सात लाखांच्या आसपासच होता. चर्चच्या इमारती मात्र सुमारे सोळा हजार आहेत.

या ओहोटीची कारणं अभ्यासकांनी वेगवेगळी लावली आहेत. रॉबिन गिल यांनी एक अनपेक्षित मुद्दा मांडला: व्हिक्टोरियन काळात वेगवेगळ्या पंथांनी चढाओढीनं इतकी चर्चं बांधली की बाकं भरणं मुळातच शक्य नव्हतं, आणि रिकाम्या बाकांनी पुढं आणखी माणसं दूर केली. कॅलम ब्राऊन यांचं बोट १९६० च्या दशकाकडे आहे. घरातली धर्मशीलता बायकांनी सांभाळलेली होती. त्या दशकात तरुण स्त्रियांनी ती आईकडून घेणं थांबवलं आणि सगळा डोलारा खचला, असं त्यांचं म्हणणं. डेव्हिड वोआस यांचा हिशेब तर अगदी घरगुती आहे. आईवडील दोघंही धार्मिक असतील तर मुलात ते उतरण्याची शक्यता निम्मी. एकच धार्मिक असेल तर पाव. दोघंही नसतील तर जवळजवळ शून्य.

वोआस यांचा हिशेब या लेखमालेला सर्वांत पटणारा वाटतो. श्रद्धा एखाद्या वादात हरली म्हणून चर्चं ओस पडली, असं झालेलं नाही. आजीनं नातवाचा हात धरून त्याला रविवारी नेलं नाही आणि नातवाला आपलं काही राहून गेल्याचं कळलंही नाही, असं झालं.

म्हणून जिथे शिकवणं चालू राहिलं तिथलं चित्र वेगळं दिसतं. कॅथीड्रलांमधली संध्याउपासना, म्हणजे ‘इव्हन्साँग’, हे त्याचं ठळक उदाहरण. १५४९ साली आर्चबिशप क्रॅन्मर यांनी सिद्ध केलेल्या प्रार्थनापुस्तकातून आलेली ही उपासना आठवड्यातले बहुतेक दिवस गाऊन होते, आणि बीबीसी १९२६ पासून तिचं प्रक्षेपण करते आहे. गाणारी मुलं सात-आठ वर्षांची असल्यापासून रोज तालमीला बसतात. शतकानुशतकं हे फक्त मुलग्यांचं काम होतं. १९९१ मध्ये सॉल्झबरीनं मुलींचा स्वतंत्र गायकवृंद उभा केला आणि इतरांनी तो कित्ता गिरवला. परंपरेनं दार थोडं रुंद केलं, आणि गाणं टिकलं.

खेड्यातल्या चर्चला असा आधार नाही. एकेका पाळकाकडे सहा-सहा, आठ-आठ गावं असतात. दर रविवारी प्रत्येक चर्चमध्ये उपासना झालीच पाहिजे, हा सतराव्या शतकापासूनचा नियम जनरल सिनॉडनं, म्हणजे चर्चच्या विधिमंडळानं, २०१९ मध्ये सैल केला, कारण तो पाळणं अशक्य झालं होतं. छप्पर गळतं, शिशाचे पत्रे चोरीला जातात, आणि दुरुस्तीचा पैसा उभा करायचा तो गावातल्या मूठभर निवृत्त माणसांनी. त्याच वर्षी नॉरिच कॅथीड्रलमध्ये पंचावन्न फुटी घसरगुंडी उभारली गेली. वर चढून छतावरची मध्ययुगीन कोरीव शिल्पं जवळून पाहता यावीत, हा हेतू सांगितला होता. लोक आले, वादही झाला. पण एकदा येऊन गेलेल्या गर्दीतून गावातल्या चर्चचा हिशेब ठेवणारा माणूस मिळत नाही.

घरातली भांडणंही आहेत. १९९४ मध्ये स्त्रियांना पुरोहितपदाची दीक्षा मिळाली तेव्हा शेकडो पुरोहित सोडून गेले. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, लैंगिक अत्याचाराच्या एका जुन्या प्रकरणात चर्च कसं कमी पडलं हे मेकिन अहवालानं दाखवल्यावर, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना पद सोडावं लागलं. २०२५ मध्ये त्यांच्या जागी सेरा मुल्लाली यांची निवड झाली. कँटरबरीच्या गादीवर येणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

मराठी वाचकाला या चर्चच्या पसाऱ्यातली एक जागा ओळखीची आहे. ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज गावी सेंट मेरी द व्हर्जिन भगिनीसंघाचा मठ होता. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली त्याच गावात झाला. त्याच भगिनी पुण्यात गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये काम करत. टिळक-रानड्यांच्या १८९० च्या चहावरून ग्रामण्य पेटलं ते हेच मिशन. रमाबाईंनी त्या भगिनींशी त्रैक्यापासून चर्चच्या अधिकारापर्यंत पत्रांतून कडाडून वाद घातला. त्या मठातल्या अकरा भगिनी, त्यांच्या प्रमुखांसह, २०१३ च्या पहिल्याच दिवशी रोमन कॅथलिक चर्चमध्ये गेल्या. एवढ्या जुन्या घराला पडलेली ही भेग वाचताना मन कष्टी होतं.

पंचहौदच्या पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत. त्या इंग्लंडातल्या लफबरो गावी, टेलरांच्या कारखान्यात ओतलेल्या. ‘बिग बेन’ ओतणारा लंडनचा व्हाइटचॅपल कारखाना २०१७ मध्ये बंद पडला. लफबरोची भट्टी अजून चालू आहे.

आणि घंटा वाजवायला माणसं मिळतात का? पहिल्या महायुद्धात निदान चौदाशे घंटावादक मारले गेले होते. २०१८ साली, युद्धसमाप्तीच्या शताब्दीला, तितकेच नवे वादक हवेत असं आवाहन केलं गेलं, तर त्याहून कितीतरी जास्त लोकांनी नावं दिली. एक घंटा एकट्यानं सांभाळता यायला साधारण दहा ते पंधरा तास शिकावं लागतं. तेवढा वेळ कोणीतरी जाणता माणूस शेजारी उभा राहून दोरावर दुसरा हात ठेवतो. बहुतेक मनोऱ्यांत तो यासाठी पैसे घेत नाही, आणि शिकणाऱ्याला त्याची श्रद्धाही विचारत नाही.

पुढच्या आठवड्यात नायजेरिया आणि युगांडाकडे वळू. तिथे याच पंथाच्या चर्चमध्ये रविवारी बसायला जागा मिळत नाही.