अर्धशक्ती : ग्रंथातील आणि गडावरील

स्वस्थवृत्त शिकताना आपण सर्वांनीच व्यायामाचे प्रकरण पाठ केले आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, हे परीक्षेतील हमखास प्रश्नाचे हमखास उत्तर होते. मात्र ती अर्धी शक्ती नेमकी कोठे संपते, हे मला पदवी घेऊन पंधरा वर्षे उलटल्यावर समजले. ते समजावून देण्याचे श्रेय चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरांना आणि माझ्या पत्नीला आहे. तो अनुभव वैद्यबंधू-भगिनींपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एका रुग्णाने घातलेले अंजन

पोंभुर्णा हे आमचे तालुक्याचे गाव. भोवती साग-बांबूचे रान आणि भातशेती. उन्हाळा इतका कडक, की मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणे ही येथे बातमी राहत नाही. काही वर्षांपूर्वी बावन्न वर्षांचे एक व्यापारी गृहस्थ प्रमेहाच्या उपचारासाठी माझ्याकडे येत असत. शरीर स्थूल, बैठे काम, जेवणानंतर लगेच झोपण्याची सवय. औषधे लिहून दिल्यावर मी त्यांना सांगितले, "रोज चाला. चांगला घाम निघेपर्यंत चाला." त्यांनी माझा शब्द प्रमाण मानला. वैशाखात सकाळी नऊ वाजता, उपाशीपोटी, घामाने अंगरखा भिजेपर्यंत ते चालले आणि रस्त्याच्या कडेला कोसळले. लोकांनी उचलून दवाखान्यात आणले तेव्हा त्यांना धड बोलताही येत नव्हते. त्यांना तातडीने रुग्णालयात हलवले आणि सुदैवाने ते वाचले.

त्या रात्री मी ग्रंथ पुन्हा उघडला. हृदयस्थ वायू मुखापर्यंत येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागला, की ते बलार्धाचे लक्षण, असे सुश्रुताचार्य सांगतात. कपाळ, नाक, काखा आणि सांधे यांवर घाम येणे व तोंड कोरडे पडणे, ही लक्षणे टीकाकारांनी जोडली आहेत. म्हणजे ज्या घामाला मी व्यायामाचे ध्येय ठरवले, तो शास्त्रकारांच्या लेखी थांबण्याचा संकेत होता. शिवाय ग्रीष्मात व्यायाम वर्ज्य करावा, हे वाग्भटाचार्यांनी ऋतुचर्येत स्पष्ट सांगितले आहे. चूक रुग्णाची नव्हती, माझी होती. त्या गृहस्थांना मी तसे सांगितलेही.

माणिकगडाची वाट

आपण जे सांगतो ते स्वतः केल्याविना सांगू नये, असे तेव्हा ठरवले. माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दोघांनाही रविवारची सुटी. हिवाळ्यातील रविवारी जवळपासच्या टेकड्या चढायच्या, असा परिपाठ सुरू झाला. दोन-तीन महिन्यांत मला आत्मविश्वास आला. अंमळ अधिकच आला.

जिवती तालुक्यातील माणिकगड हा आमच्या भागातील जुना वनदुर्ग. माना नागवंशीय राजांनी तो बांधला असे मानले जाते. त्याच्या दरवाजावर नागाचे शिल्प आहे. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम पाचशे मीटर. सह्याद्रीतील गडांच्या तुलनेत हा आकडा किरकोळ वाटतो आणि तोच घात करतो. 2019 च्या मार्च महिन्याच्या अखेरीस आम्ही गाडी पायथ्याशी ठेवून घाटाची वाट पायी चढायला घेतली. निघायला उशीर झाला होता. घड्याळात साडेदहा वाजले होते. पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू होता आणि वसंतात अर्धशक्ती व्यायामाला अनुज्ञा आहे, एवढ्या आधारावर मी निश्चिंत होतो. परंतु आमच्याकडे मार्चअखेरीस ग्रीष्म उंबरठा ओलांडून घरात आलेला असतो. ऋतू हा पंचांगावरून नव्हे, लक्षणांवरून ओळखावा, हे वैद्याला दुसऱ्याने सांगण्याची वेळ येऊ नये.

अर्ध्या वाटेवर सौ. थांबली. म्हणाली, "अहो, तुम्ही तोंडाने श्वास घेता आहात. येथे सावलीत बसू आणि उतरू." मी हसून उत्तर दिले, "अर्धा गड झाला आहे. आता अर्धाच राहिला." ती पुढे काही बोलली नाही, फक्त पाण्याची बाटली माझ्या हाती दिली. दरवाजातील नागशिल्पापर्यंत मी पोहोचलो आणि तेथेच बसकण मारली. पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली, लगोलग उलटी झाली. तृष्णा, श्रम, क्लम, छर्दी : अतिव्यायामाच्या परिणामांची यादी मी विद्यार्थिदशेत घोकली होती. त्या दुपारी ती माझ्याच देहावर क्रमाने उमटत होती.

सौ.ने मला सावलीत आडवे केले, ओढणी भिजवून मानेवर व काखेत ठेवली, उलटी थांबल्यावर मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी घोट घोट पाजले. दोन तासांनी मी उभा राहिलो. मात्र खरी परीक्षा त्यानंतर होती. गड उतरायचा शिल्लक होता आणि उतरण्यासाठी लागणारी शक्ती मी चढतानाच खर्चून बसलो होतो. गुडघे थरथरत होते, पाऊल जेथे ठेवावे तेथे पडत नव्हते. पत्नीच्या खांद्याचा आधार घेत घाट उतरलो. पायथ्याशी पोहोचल्यावर ती म्हणाली, "शास्त्रात अर्धी शक्ती कशासाठी सांगितली आहे, ते आज कळले. उरलेली अर्धी घरी परतण्यासाठी असते."

अर्धशक्तीवर इतके नेमके भाष्य मी तरी अन्यत्र ऐकलेले नाही.

दोराचे दुसरे टोक

पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी प्रस्तरारोहणाच्या एका प्राथमिक शिबिरात नाव नोंदवले. तेथे सर्वांत तरुण आरोहक बावीस वर्षांचा होता आणि सर्वांत थोराड मी. हार्नेस बांधणे, आठाची गाठ मारणे, कॅराबिनर तपासणे ही तयारी झाल्यावर एकाने खडक चढायचा आणि दुसऱ्याने खालून दोर सांभाळायचा. या दोर सांभाळण्याला बिले म्हणतात. चढणाऱ्याचा हात सुटला तर खालच्याने दोर रोखून धरायचा असतो.

सौ. माझ्यापेक्षा सरस चढते. याचे कारण बळ नव्हे. मी हातांनी शरीर ओढतो, ती पायांवर उभी राहते. मी घाईने पुढची पकड शोधतो, ती प्रत्येक चार हालचालींनंतर हात सैल सोडून झटकते. बाहूंत माझी शक्ती अधिक आहे, पण ती दहा फुटांत संपते. तिची कमी असूनही वीस फूट पुरते.

दोराच्या खालच्या टोकाशी उभा राहिल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. चढणाऱ्याच्या पोटरीला सुटलेला कंप, वेडावाकडा होऊ लागलेला श्वास, दोन्ही हातांनी खडक आवळून धरण्याची धडपड, हे सारे त्याच्या स्वतःच्या आधी खालच्याला दिसते. चढणाऱ्याचे लक्ष वरच्या पकडीवर असते. आपली अर्धी शक्ती संपली हे ज्याचे त्याला शेवटी कळते. माणिकगडावर मला ते कळले नाही, सौ.ला कळले. प्रमेही रुग्णाच्या बाबतीत दोर माझ्या हाती होता आणि माझे लक्ष नव्हते.

पेरजागडाहून परत

चिमूर-नागभीड परिसरातील पेरजागड, ज्याला लोक सातबहिणीचा डोंगर म्हणतात, तेथे आम्ही दोन वेळा गेलो. पहिल्या वेळी माथ्यापर्यंत गेलो. दुसऱ्या वेळी, माघ महिन्यातील एका सकाळी, सोबतच्या गावकरी दादांनी वाटेतच हात वर करून थांबवले. कड्याच्या पोटाशी आग्या मोहोळे लोंबत होती आणि खालच्या बाजूने कोणी तरी पेटवलेल्या काटक्यांचा धूर वर सरकत होता. दादा हलक्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आज नाही." आम्ही तिघेही न बोलता मागे फिरलो. माथा तासाभराच्या अंतरावर होता. मला त्याची खंत वाटली नाही आणि ती वाटली नाही याचेच समाधान वाटले.

आमच्या भागात डोंगर म्हणजे जंगल आणि जंगल म्हणजे वाघाचे घर. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरच्या रानातही वाघांचा वावर आहे. मोहफुले वेचायला गेलेल्या माणसांचे प्राण गेल्याच्या घटना येथे घडल्या आहेत. म्हणून वनखात्याच्या परवानगीविना आम्ही जात नाही, उजाडण्यापूर्वी निघत नाही, सूर्य कलण्यापूर्वी परततो आणि स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय दोघेच रानात शिरत नाही. साहसाची हौस आपली असते, तिची किंमत मात्र शोध घेणाऱ्या वनरक्षकांना आणि गावकऱ्यांनाही मोजावी लागते.

याच चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी मे 2018 मध्ये एव्हरेस्ट सर केले. जेथे पाचशे मीटरचा गड मोठा मानावा, तेथील ही मुले 8,848 मीटरवर पोहोचली. त्यामागे टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेले दीर्घ प्रशिक्षण होते. यालाच आपण अभ्यासाने येणारे सात्म्य म्हणतो. याउलट 2016 मध्ये आपल्याच राज्यातील एका दांपत्याने एव्हरेस्ट सर केल्याचा दावा केला, पण छायाचित्रे बनावट ठरली आणि नेपाळ सरकारने त्यांची प्रमाणपत्रे रद्द केली. शिखर न गाठता परत येण्यात अप्रतिष्ठा आहे, ही समजूत माणसाला कोठवर नेते, याचे ते उदाहरण आहे.

चिकित्सालयातील उपयोग

या अनुभवानंतर माझ्या व्यायामविषयक सल्ल्यात पुढील बदल झाले. ते सहकाऱ्यांच्या विचारार्थ देत आहे.

1. "घाम येईपर्यंत चाला" हे वाक्य मी सोडून दिले. आता सांगतो, "कपाळावर घाम आला, तोंडाने श्वास घ्यावा लागला, की तेथून परत फिरा." येथे शब्द "थांबा" असा नाही, "परत फिरा" असा आहे. घराचे अंतर हिशेबात धरलेच पाहिजे.

2. अजीर्ण, ज्वर किंवा वातपित्ताचा विकार असताना व्यायाम नको, हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देतो. प्रमेही रुग्ण अन्य औषधे घेत असल्यास उपाशीपोटी चालण्यास मनाई करतो आणि हृद्रोगाची शंका असल्यास आधी तपासणी करून घेतो.

3. हेमंत व शिशिरात अर्धशक्ती, वसंतात आमच्या भागापुरती त्याहून कमी आणि ग्रीष्मात केवळ पहाटेचा हलका फेरफटका, असा क्रम ठेवतो.

4. व्यायामानंतर अंग सुखावेल असे मर्दन करण्यास सांगतो. डोंगरावरून आल्यावर तीळतेलाचा अभ्यंग आणि कोमट पाण्याचे स्नान, हा आम्हा दोघांचा नियम आहे.

5. उन्हात भोवळ येऊन रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता अंग थंड करत थेट रुग्णालयात नेण्याची ताकीद देतो. मधमाश्यांच्या दंशानंतर श्वास लागल्यास हेच.

6. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शक्यतो जोडीने चालायला सांगतो. पतीने पत्नीकडे आणि पत्नीने पतीकडे लक्ष ठेवावे. एकाचा श्वास दुसऱ्याला आधी ऐकू येतो.

ते व्यापारी गृहस्थ आजही माझ्याकडे येतात. त्यांच्या गृहिणीही आता त्यांच्यासोबत चालायला निघतात. मागील भेटीत मी विचारले, "किती चालता?" त्यांनी उत्तर देण्यापूर्वी पत्नीकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "मी परत फिरा म्हणेपर्यंत."

मी चिठ्ठीवर व्यायामाविषयी निराळे काही लिहिले नाही.